डायव्हिंगच्या रबरी नौकेसाठी आऊटबोर्ड मोटर कशी निवडावी?

कोकण किनाऱ्यावरील आपल्या समाजाचे समुद्राशी नाते फार जुने आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून साखरी नाट्यापर्यंत अनेक घरांची चूल मासेमारीवर पेटते. तांडेल, खलाशी, जाळी विणणारे, इंजिन दुरुस्त करणारे कारागीर अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. आता या धंद्याला एक नवी बाजू जोडली गेली आहे. मालवण व तारकर्लीच्या समुद्रात पाण्याखालची दुनिया पाहण्यासाठी दरवर्षी हजारो पर्यटक येतात. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावरही हाच व्यवसाय चालतो. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी आणि मोटरींची विक्री-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी काही गोष्टी मुळापासून समजून घ्याव्यात, म्हणून हा लेख.

आपल्याकडे पर्यटकांच्या बहुतेक फेऱ्या फायबरच्या होड्यांवर होतात. परंतु प्रशिक्षण, बचावकार्य आणि चार-पाच जणांच्या छोट्या तुकडीसाठी हवा भरलेली रबरी नौका सोयीची असते. ती वजनाला हलकी असते, वाळूवर ओढता येते, आणि बाजूच्या फुगीर नळ्यांमुळे पाण्यातून वर चढणे सोपे जाते. मात्र तिची मोटर निवडताना फायबरच्या होडीचा अंदाज चालत नाही. शेजाऱ्याने अमुक मोटर घेतली म्हणून आपणही तीच घ्यावी, हा हिशेब येथे महागात पडतो. मोटर कमी ताकदीची निघाली तर पेट्रोल जळते आणि वेळ जातो. जास्त ताकदीची निघाली तर नौका उलटण्याचा धोका. दोन्हीकडे नुकसान आपलेच.

नुकसान केवळ पैशाचे असते असेही नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. समुद्राच्या धंद्यात वजन, ताकद आणि माणसांची संख्या यांचा हिशेब किती काटेकोर असावा लागतो, हे अशा प्रत्येक दुर्घटनेतून पुन्हा समोर येते.

पहिली गोष्ट : नौकेवरची पट्टी वाचा

चांगल्या कंपनीच्या प्रत्येक रबरी नौकेवर, बहुधा मागच्या फळीवर, एक छोटी पट्टी असते. जास्तीत जास्त किती माणसे, किती किलो वजन आणि किती ताकदीची मोटर चालेल, हे त्या पट्टीवर लिहिलेले असते. ताकद अनेकदा किलोवॅटमध्ये देतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट. म्हणजे ३० किलोवॅट लिहिले असेल तर ती साधारण ४० हॉर्सपॉवरची मर्यादा समजावी.

ही मर्यादा कधीही ओलांडू नये. रबरी नौकेत मोटरचा सगळा जोर मागच्या फळीवर आणि ती फळी नळ्यांना जिथे चिकटवलेली असते त्या जोडावर येतो. जोर जास्त झाला की जोड सुटू लागतो. शिवाय हलकी नौका आणि भारी मोटर असा मेळ बसला तर समोरून वारा आला असता नाळ वर उचलली जाते आणि नौका मागे पलटी खाऊ शकते. काही पट्ट्यांवर मोटरच्या वजनाचीही मर्यादा दिलेली असते. तीही तितकीच महत्त्वाची आहे. पट्टी नसलेली किंवा पट्टी खरवडलेली जुनी नौका स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईचे कारण आधी शोधावे.

दुसरी गोष्ट : वजनाचा हिशेब कागदावर करा

डायव्हिंगची नौका इतर नौकांपेक्षा कितीतरी जड असते. नवखा माणूस येथेच फसतो. पाच माणसे म्हणजे साडेतीनशे किलो, असा तो अंदाज बांधतो. प्रत्यक्षात किती होते ते पाहू. सुमारे ४.७ मीटर लांबीची, घडी होणारी, अॅल्युमिनियमच्या तळाची नौका आपण उदाहरणासाठी घेऊ.

नौका : १३० किलो
तांडेल : ७० किलो
चार पाणबुडे, प्रत्येकी ७५ किलो : ३०० किलो
प्रत्येकाचे साहित्य (भरलेला सिलिंडर १७, शिशाचा पट्टा ६, जॅकेट, रेग्युलेटर, पोशाख वगैरे १०) : १३२ किलो
दुसऱ्या बुडीसाठी चार जादा सिलिंडर : ६८ किलो
मोटर : ७० किलो
२५ लिटर पेट्रोल, टाकीसह : २२ किलो
नांगर, दोर, वल्ही, लाइफ जॅकेट, ऑक्सिजनची पेटी : ४० किलो

एकूण : ८३२ किलो

आता एक साधा आडाखा. नौका पाण्यावर उचलून पळवायची असेल तर एकूण दर २५ किलो वजनामागे निदान एक हॉर्सपॉवर लागते. ८३२ ला २५ ने भागले तर ३३ येतात. म्हणजे ३० हॉर्सपॉवरची मोटर काठावर आहे. शांत पाण्यात जेमतेम चालेल, लाटा उठल्या की दमेल. ४० ची मोटर घेतली तर तिचे जादा वजन पंचवीस-तीस किलोंनी वाढेल, तरीही हिशेब आरामात बसतो. अर्थात नौकेच्या पट्टीवर ४० ला परवानगी असेल तरच. नसेल तर उपाय एकच : दोन पाणबुडे कमी घ्या किंवा जादा सिलिंडर किनाऱ्यावर ठेवा. वजन उतरवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. आणि केवळ ताकद नव्हे, एकूण वजनही पट्टीच्या मर्यादेत बसते की नाही ते याच कागदावर तपासावे.

लहान मोटर पेट्रोल वाचवते का?

लहान मोटर म्हणजे खर्च कमी, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. रबरी नौकेच्या बाबतीत तो नेहमी खरा ठरत नाही. कमी वेगात नौका पाणी कापत चालते. वेग वाढवत नेला की ती आपल्याच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. नाळ वर जाते, मागची बाजू दबते. ताकद पुरेशी असेल तर ही चढण पार होते आणि नौका सपाट होऊन पाण्यावर घसरत धावू लागते. त्यानंतर मोटरची मूठ थोडी कमी केली तरी वेग टिकतो.

ताकद कमी पडली तर नौका त्या चढणीवरच अडकते. मूठ पूर्ण पिळलेली, आवाज मोठा, नाळ आकाशाकडे, आणि वेग मात्र ताशी दहा-बारा किलोमीटर. सहा किलोमीटरवरच्या खडकापर्यंत जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात. पळणारी नौका हे अंतर ताशी २५ च्या वेगाने अर्ध्या तासात कापते. अडकलेली नौका तासाहून अधिक वेळ पूर्ण ताकदीने पेट्रोल पिते. तेव्हा बचत कोणाची झाली, हे वाचकांनीच ठरवावे. वर दुपारचा वारा चढण्याआधी परतायचे राहून जाते, ते वेगळेच.

दोन-स्ट्रोक की चार-स्ट्रोक?

दोन-स्ट्रोक मोटर रचनेला साधी, वजनाला हलकी आणि दुरुस्तीला सोपी. किनाऱ्यावरचा कोणताही जाणता कारागीर ती खोलून जोडू शकतो. १५ हॉर्सपॉवरची दोन-स्ट्रोक मोटर ३५ ते ४० किलोंची असते, तर त्याच ताकदीची चार-स्ट्रोक ४५ ते ५५ किलोंपर्यंत जाते. रोज मोटर काढून खांद्यावरून न्यायची असेल तर हा फरक जाणवतो.

परंतु दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत तेलही जळते. बहुतेक मोटरींत प्रमाण ५० ला १, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. त्याचा धूर मागून वाऱ्याबरोबर नौकेतच येतो. आधीच लाटांनी डचमळणाऱ्या पाणबुड्याला हा धूर नकोसा होतो. खर्चाचा हिशेब तर अधिक बोलका आहे. पूर्ण मूठ पिळली असता ४० हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक मोटर तासाला साधारण १४ लिटर घेते. जुन्या पद्धतीची दोन-स्ट्रोक १८ ते २०. म्हणजे तासाला चार ते सहा लिटरचा फरक. हंगामात दिवसाला एक तास याप्रमाणे २०० दिवस धरले तर आठशे ते बाराशे लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी ८० हजार ते एक लाख २० हजार रुपये होतात. तेलाचा खर्च यात धरलेला नाही.

म्हणून आमचे मत असे : रोज फेऱ्या करणाऱ्याने चार-स्ट्रोक घ्यावी, पहिली किंमत जास्त असली तरी ती वसूल होते. जो वर्षातून थोडे दिवसच नौका काढतो आणि ज्याला मोटर उचलून न्यावी लागते, त्याला दोन-स्ट्रोक परवडते. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरी मासेमारीत वापरल्या जातात, पण धूर, वास आणि कमी ताकद यांमुळे डायव्हिंगच्या नौकेवर त्या लावू नयेत.

दांड्याची लांबी

आऊटबोर्ड मोटर घेताना ताकदीइतकीच तिच्या दांड्याची लांबी महत्त्वाची. सर्वसाधारणपणे १५, २० आणि २५ इंच अशी मापे मिळतात. मागच्या फळीच्या मध्यभागी, वरच्या कडेपासून तळापर्यंत फूटपट्टीने माप घ्यावे. फळी सुमारे १५ इंचांची असेल तर आखूड दांडा, २० इंचांची असेल तर लांब दांडा.

मोटर लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी चकती नौकेच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली इंचभर असावी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. मोटर किंचाळते, नौका पुढे सरकत नाही. लांब पडला तर पाणी अडते, फवारे नौकेत येतात, आणि उथळ खडकांत पंखा आदळतो. फळी नेमकी नसेल तर खाली लाकडाचा तुकडा देऊन उंची साधता येते. दोन इंचांच्या चुकीसाठी मोटर बदलण्याची गरज नसते.

पंख्याची निवड

मोटरसोबत जो पंखा येतो तो हलक्या होडीचा विचार करून दिलेला असू शकतो. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला त्याचा व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल ते माप. जड नौकेला कमी पिच हवा. सायकलवर चढ चढताना लहान गिअर लागतो, तसेच हे.

तपासणी सोपी आहे. नौका नेहमीच्या वजनाने भरा, पूर्ण मूठ पिळा आणि फेरे मोजणारे यंत्र पाहा. पुस्तकात ५,००० ते ६,००० फेरे सांगितले असतील आणि मोटर ४,५०० वरच अडत असेल तर पंखा भारी आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात. म्हणजे येथे तीन इंच कमी करावा लागेल. भारी पंख्यावर रोज दमवलेली मोटर आतून झिजते. मालक म्हणतो मोटर वाईट निघाली. खरे तर पंखा चुकलेला असतो. कारागिरांनी ही तपासणी आपल्या कामाचा भाग करावी. गिऱ्हाईक दुवा देईल.

खडकाळ किनाऱ्यावर अॅल्युमिनियमचा पंखा बरा. आदळला तर पंखा वाकतो, पण आतले गिअर वाचतात. स्टीलचा पंखा टिकाऊ असला तरी तो धक्का आत पाठवतो. एक जादा पंखा, पिन आणि पाना नौकेत ठेवावाच.

पेट्रोलमधील इथेनॉल

ही बाब नवी आहे आणि फार थोड्यांच्या ध्यानात आली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. बहुतेक आऊटबोर्ड मोटरी मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेल्या असतात. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. समुद्रावर ओलीला काय तोटा? पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि नेमके तेच आधी मोटरमध्ये जाते. भर समुद्रात मोटर बंद पडण्याचे हे एक कारण आहे.

उपाय असे : विकत घेण्यापूर्वी आपली मोटर किती टक्के इथेनॉल सोसते ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. पेट्रोल लागेल तेवढेच आणा, आठवडेच्या आठवडे टाकीत ठेवू नका. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात तेव्हा टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. रबरी नळ्या नरम पडल्या तर ताबडतोब बदला.

पाण्यात माणूस, बाहेर पंखा

मासेमारीच्या होडीत आणि डायव्हिंगच्या नौकेत सर्वांत मोठा फरक हा, की येथे आपलीच माणसे पंख्याच्या आसपास पाण्यात असतात. त्यामुळे मोटर घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

तांडेलाच्या मनगटाला किंवा पायाला बांधायची बंद-दोरी असलीच पाहिजे. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि मोटर तत्काळ बंद होते. गिअरमध्ये असताना चालू न होणारी मोटर घ्यावी. पाणबुडे उतरताना आणि चढताना मोटर न्यूट्रलमध्ये ठेवणे पुरेसे नाही. ती पूर्ण बंद करावी. म्हणूनच मोटर पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू होणे हा येथे सुरक्षेचा प्रश्न आहे. ३० हॉर्सपॉवरपासून पुढे बॅटरीवर चालू होणारी मोटर घ्यावी; मात्र ओढायची दोरीही असावी. पंख्याभोवती जाळी बसवल्यास वेग थोडा घटतो, पण नवशिक्यांना नेणाऱ्याने तो तोटा सोसावा. नौकेवर निळा-पांढरा पाणबुडी ध्वज लावावा.

पेट्रोलचा हिशेब तीन भागांचा : एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. वल्ही नेहमी सोबत असावीत, आणि शक्य असल्यास चार-पाच हॉर्सपॉवरची लहान मोटरही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक नौकेतील प्रत्येकाला पाठ असावा. जे नौकेवरच कॉम्प्रेसर चालवून सिलिंडर भरतात त्यांनी हवा ओढणारी नळी मोटरच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेला ठेवावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये गेला तर पाण्याखाली तो जीवघेणा ठरतो.

जुनी मोटर घेताना

भांडवल कमी असणाऱ्याला जुनी मोटर घ्यावीच लागते. त्यात गैर काही नाही, पण पुढील तपासणी करावी. मोटर थंड असताना आपल्या समोर चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली मोटर दोष लपवते. थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात पडते का ते पाहा. गिअरचे तेल थोडे काढा. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. सर्व सिलिंडरचा दाब मोजा. आकड्यांत मोठा फरक असेल तर सौदा सोडा. झाकण काढून आत मिठाचे थर आहेत का, पंख्याचा दांडा वाकला आहे का ते पाहा. नवा रंग दिसला की दोनदा विचार करा. क्रमांकाची पट्टी आणि पक्की पावती जुळल्याशिवाय पैसे मोजू नका.

विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. दोष सांगून विकलेल्या मालाचा पैसा थोडा कमी येतो, पण तो पैसा निर्धोक असतो. येथे लपवलेला दोष भर समुद्रात उघडा पडतो, आणि त्या वेळी नौकेत कोणाची तरी मुले बसलेली असतात.

देखभाल

नवी मोटर पहिले दहा तास सतत पूर्ण ताकदीने चालवू नये. पहिली तपासणी साधारण २० तासांनंतर, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. रोज काम संपल्यावर गोड्या पाण्याने दहा मिनिटे धुवावी आणि उभी ठेवून पाणी निथळू द्यावे. जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की बदलावा; त्याला रंग लावू नये, कारण आपण गंजून मोटरला वाचवणे हेच त्याचे काम. पाणी फेकणारा रबरी पंखा वर्ष-दोन वर्षांनी बदलावा. मागच्या फळीवरचे स्क्रू रोज सकाळी हाताने आवळून पाहावेत आणि मोटरला साखळी बांधावी.

ही कामे शिकलेल्या कारागिराला किनाऱ्यावर कामाची वाण नाही. आज मोटरींची संख्या वाढत आहे; त्या मानाने चार-स्ट्रोक मोटर नीट समजणारे हात कमी आहेत. आपल्या तरुणांनी कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे राहून हे शिक्षण घेतले तर गावातच इज्जतीची रोजी मिळू शकते.

शेवटी

नौका काढण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी व परवाना, विमा, आणि परवान्यात लिहिलेली माणसांची संख्या या तिन्ही गोष्टी चोख असाव्यात. मोटर निवडताना क्रम असा ठेवावा : आधी पट्टी, मग वजन, मग ताकद, मग दांडा, मग पंखा आणि सर्वांत शेवटी किंमत. दुकानात गेल्यावर आपण नेमका उलटा क्रम लावतो. गिऱ्हाईक गर्दी करून उभे असते आणि आणखी दोन माणसे बसवण्याचा मोह होतो, तेव्हा हा कागदावरचा हिशेब खिशातून काढून पाहावा. त्या दिवशीची दोन माणसांची कमाई बुडेल. धंदा मात्र पुढच्या हंगामात उभा असेल.